विजेत्या संघाची पांगापांग : मुंबई सिटीचा 2024 चा उन्हाळा

[दृश्य : सॉल्ट लेक स्टेडियम, कोलकाता. रात्र. मैदानाच्या मधोमध निळ्या जर्सीतले खेळाडू.]

4 मे 2024. इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात यजमान मोहन बागान सुपर जायंटने मध्यंतराला मिनिटभर उरले असताना आघाडी घेतली होती. उत्तरार्धात होर्हे परेरा डियाझने बरोबरी साधली, बिपिन सिंगने मुंबईला पुढे नेले आणि भरपाई वेळेच्या सातव्या मिनिटाला याकुब वोइतुशने तिसरा गोल करून कोलकात्याचे भरलेले स्टेडियम शांत केले. 3-1. मुंबई सिटी एफसीने हा चषक दुसऱ्यांदा जिंकला होता, आणि तोही अशा हंगामात, ज्याच्या मध्यावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले होते आणि पीटर क्रात्की यांनी चालत्या गाडीची सूत्रे हाती घेतली होती.

[दृश्य : चित्र स्थिर. चषकासह कर्णधार.]

चषक उंचावणारा हा कर्णधार राहुल भेके. मुंबईत जन्मलेला बचावपटू. मुंबईच्या संघाचा मुंबईकर कर्णधार परक्या मैदानावर देशातला सर्वांत मोठा क्लब चषक हातात धरून उभा आहे, हे दृश्य या शहराच्या फुटबॉलने फार वेळा पाहिलेले नाही. म्हणूनच आम्ही ते क्षणभर थांबवले आहे.

या संघातले भेके, परेरा डियाझ, वोइतुश, मधल्या फळीतला अल्बेर्तो नोगेरा आणि त्याच फळीचा आधारस्तंभ लालेंगमाविया राल्ते, ज्याला सगळे अपुइया म्हणून ओळखतात, हे पाचही जण पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा मुंबईच्या जर्सीत नव्हते. त्या रात्रीच्या तीन गोलांपैकी दोन ज्यांनी केले, तेही या पाचांत होते.

[दृश्य : अंधेरी, वीरा देसाई मार्ग. पावसाळी सकाळ. स्टेडियमचे बंद प्रवेशद्वार.]

अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातले हे मैदान मुंबई सिटीचे घर आहे. मेट्रोच्या आझाद नगर स्थानकावरून चालत येता येईल एवढ्या अंतरावर. हंगामात संध्याकाळी येथे ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ या समर्थक गटाचे ढोल वाजतात. जून-जुलैत मात्र फक्त गवत वाढते. प्रेक्षकांच्या दृष्टीने हा सुट्टीचा काळ असतो. क्लबच्या कार्यालयात वर्षातले सर्वांत मोठे निर्णय याच काळात होतात, किंवा नेमके सांगायचे तर, आधीच होऊन गेलेले निर्णय याच काळात उघड होतात.

भारतीय क्लबांचे खेळाडूंशी असलेले करार साधारणपणे 31 मे रोजी संपतात. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या नियमानुसार, कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढच्या हंगामाचा करार करण्यास मोकळा असतो. नव्या क्लबाने बोलणी सुरू करण्यापूर्वी सध्याच्या क्लबाला लेखी कळवावे, एवढीच अट असते. हिशेब केला तर मे महिन्यात मुदत संपणाऱ्या खेळाडूसाठी हे दार 1 डिसेंबरलाच उघडते. लीगचा निम्मा हंगामही तेव्हा झालेला नसतो. म्हणजे आपण जानेवारीच्या थंडीत ज्याच्या पासला टाळ्या वाजवत असतो, त्याची सही कदाचित दुसऱ्या शहरातल्या कागदावर झालेलीही असू शकते. यात गैर काही नाही. खेळाडूची कारकीर्द लहान असते आणि हा हक्क त्याला मोठ्या झगड्यानंतर मिळालेला आहे. पण म्हणूनच, ज्या क्लबाला आपला कणा जपायचा आहे, त्याने डिसेंबर उजाडण्याआधी नव्या कराराचा कागद पुढे ठेवायला हवा.

[दृश्य : कोलकाता मैदान परिसर. जुने तंबू, हिरवे कुंपण.]

पूर्वी हे सगळे वेगळ्या पद्धतीने चाले. कोलकात्यात हंगामाआधी ठरावीक दिवस ठरलेले असत. त्या दिवसांत खेळाडूने बंगालच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नव्या क्लबाच्या नावापुढे सही करायची. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे कार्यकर्ते सही होईपर्यंत खेळाडूला कुठल्यातरी अज्ञात घरात ठेवत, दुसऱ्या क्लबाचे कार्यकर्ते त्याच्या शोधात फिरत, आणि कार्यालयाबाहेर गर्दी जमे.

मुंबईत असा गोंधळ नव्हता, कारण येथे फुटबॉल नोकरीच्या आधाराने जगत होता. टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे. खेळाडू संघ बदलत असे तेव्हा तो खरे तर नोकरी बदलत असे, आणि निवृत्तीनंतरची भाकर डोळ्यांसमोर ठेवूनच तो निर्णय घेत असे. कूपरेजच्या मैदानावर या संघांच्या लढती पाहत दोन पिढ्या मोठ्या झाल्या. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. 2010 मध्ये तो संघ बंद झाला. मुंबई एफसी हा आणखी एक क्लब 2017 पर्यंत टिकला. 2014 मध्ये स्थापन झालेला मुंबई सिटी हा त्यानंतर देशाच्या अव्वल लीगमध्ये शहराचे नाव लावणारा एकमेव क्लब उरला. 2019 पासून 2025 च्या अखेरपर्यंत त्याची बहुतांश मालकी इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती आणि त्या काळात पैसा, प्रशिक्षण, आकडेवारीचे विश्लेषण या सगळ्या बाबतींत तो देशात पहिल्या रांगेत जाऊन बसला.

[दृश्य : क्लबच्या निरोपाच्या चित्रफिती, एकामागून एक.]

आता त्या उन्हाळ्याकडे येऊ. भेके, नोगेरा आणि परेरा डियाझ हे तिघेही करार संपल्यावर बेंगळुरू एफसीकडे गेले. भेकेसाठी तो जुन्या घरी परतण्याचा मार्ग होता. 2017 ते 2021 तो तेथेच खेळला होता आणि 2019 च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्यानेच बेंगळुरूला सुपर लीगचा पहिला चषक मिळवून दिला होता. तो सामनाही याच अंधेरीच्या मैदानावर झाला होता.

अपुइयाची गोष्ट वेगळी. मिझोरमचा हा मधल्या फळीतला खेळाडू 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडकडून मुंबईत आला आणि तीन हंगामांत भारतीय संघाच्या मधल्या फळीतला महत्त्वाचा खेळाडू झाला. त्याचा करार शिल्लक होता. त्यामुळे मोहन बागानला, म्हणजे ज्यांना हरवून मुंबईने चषक जिंकला त्यांनाच, ट्रान्सफर फी मोजून त्याला न्यावे लागले, आणि त्यांनी त्याच्याशी थेट 2029 पर्यंतचा करार केला.

येथे अदलाबदलीचा प्रश्न येतो. उत्तर अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूचा करार लीगशी असतो, त्यामुळे दोन क्लब आपापसांत खेळाडू, रक्कम किंवा पुढच्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, निवड यांची देवाणघेवाण करतात आणि बहुतेक वेळा त्यासाठी खेळाडूची संमती लागत नाही. भारतात तसे होत नाही. येथे करार क्लबशी असतो, आणि खेळाडूने सही केल्याशिवाय त्याला कोणी कोठे पाठवू शकत नाही. तरीही अदलाबदल होते. 2023 च्या जुलैत केरला ब्लास्टर्सने सहल अब्दुल समदला मोहन बागानकडे दिले आणि त्याच्या बदल्यात बचावपटू प्रीतम कोटाल व काही रक्कम घेतली. दोन्ही संघांची गरज भागली. पण हे शक्य झाले ते करार चालू होते म्हणून. मुदत संपलेल्या खेळाडूच्या बदल्यात कोणी काही देत नाही. मुंबईकडून बेंगळुरूला गेलेल्या तिघांच्या बाबतीत देवाणघेवाणीसाठी मुंबईच्या हातात काहीच उरलेले नव्हते. आमच्या मते त्या उन्हाळ्यातली सर्वांत जड चूक हीच होती, आणि तिची तारीख मे महिन्यातली नसून त्याआधीच्या हिवाळ्यातली होती.

क्लबाची बाजूही सांगायला हवी. लीगमध्ये वेतनमर्यादा आहे. परदेशी खेळाडू सहाच नोंदवता येतात आणि एका वेळी चारच मैदानात उतरतात, त्यामुळे प्रत्येक परदेशी जागेचा दरवर्षी नव्याने विचार करावा लागतो. चषक जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूची किंमत बाजारात वाढते आणि सगळ्यांना वाढीव रक्कम देणे कोणत्याही विजेत्याला परवडत नाही. हे सर्व खरे आहे. मात्र भेके परदेशी नव्हता.

[दृश्य : फातोर्डा, मडगाव. भरलेले स्टेडियम. 24 एप्रिल 2024.]

आलेल्यांमध्ये सर्वांत मोठे नाव गोव्याचे होते. उपांत्य फेरीचा हा पहिला सामना. एफसी गोवा 2-0 ने पुढे आहे आणि दुसरा गोल ब्रँडन फर्नांडिसचा आहे. नव्वदाव्या मिनिटापर्यंत फातोर्डा उत्सवात बुडालेले होते. त्यानंतरच्या काही मिनिटांत मुंबईचे आघाडीचे खेळाडू लालियानझुआला छांगटे, विक्रम प्रताप सिंग आणि पुन्हा छांगटे यांनी तीन गोल केले आणि मुंबईने 3-2 असा अशक्य वाटणारा विजय मिळवला. हे क्षण आम्ही पूर्ण दाखवत आहोत, त्यावर निवेदनाची गरज नाही.

[दृश्य : तिन्ही गोल, मूळ आवाजासह.]

दोन महिन्यांच्या आत हाच ब्रँडन मुंबईच्या जर्सीत होता. 2017 पासून तो एफसी गोवाकडे होता, कर्णधार होता, आणि पासची वेळ ओळखणारा त्याच्यासारखा भारतीय खेळाडू लीगमध्ये विरळाच. उलट दिशेने, जानेवारीत मुंबईत आलेला इकेर ग्वारोचेना पुन्हा गोव्याला गेला. ही काही ठरवून केलेली अदलाबदल नव्हती. दोन स्वतंत्र करार होते. पण गोवा आणि मुंबई यांच्यातली खेळाडूंची ये-जा नवीन नाही. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा गोव्यात जन्मले आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळले.

परदेशी जागांवर नेदरलँड्सचा योएल व्हान नीफ, ग्रीसचा आघाडीवीर निकोस कारेलिस, स्पेनचा जॉन तोराल आणि जमशेदपूरकडून फ्रान्सचा जेरेमी मान्झोरो आले. स्पॅनिश बचावपटू तिरी आणि सीरियाचा थाएर क्रूमा राहिले. गोलरक्षक फुर्बा लाचेन्पाच्या जोडीला टी. पी. रेहेनेश आला, डाव्या बाजूला साहिल पन्वर. कर्णधारपद छांगटेकडे गेले. जयेश राणे, जो जानेवारीत बेंगळुरूकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, आला होता, तो आता कायमचा झाला. हाही मुंबईचा. 2016-17 मध्ये ऐझॉल एफसीने मोठमोठ्या क्लबांना मागे टाकून आय-लीग जिंकली, त्या संघात तो होता. पुढे कोलकात्याच्या एटीके क्लबाबरोबर त्याने सुपर लीगही जिंकली. त्याच्याविषयी फारशा बातम्या झाल्या नाहीत. व्हायला हव्या होत्या.

[दृश्य : सराव. पाऊस. क्रात्की शिट्टी वाजवतात.]

कागदावर हा संघ कमकुवत नव्हता. 13 सप्टेंबर 2024 रोजी सॉल्ट लेकवरच नव्या हंगामाची सुरुवात झाली, दोन गोलांनी मागे पडूनही मुंबईने नव्वदाव्या मिनिटाला 2-2 बरोबरी साधली, आणि सगळे ठीक होईल असे वाटले. आदल्या हंगामात 22 सामन्यांत 47 गुण मिळवणाऱ्या संघाला या वेळी 24 सामन्यांत 36 गुण मिळाले आणि सहाव्या क्रमांकावरून कशीबशी बाद फेरी गाठता आली. तेथे 29 मार्च 2025 रोजी बेंगळुरूने 5-0 असे हरवले, पाचवा गोल परेरा डियाझचा होता. अपुइया त्या वर्षी मोहन बागानबरोबर साखळी फेरीत अव्वल ठरणाऱ्या संघाला मिळणारी लीग शिल्ड आणि चषक, दोन्ही जिंकला.

[दृश्य : वांद्रे, नेव्हिल डिसोझा यांच्या नावाचे टर्फ. संध्याकाळ. मुलांचा सराव सामना.]

वांद्र्यातल्या या मैदानावर खेळणारी मुले विरारहून, कुर्ल्याहून, कल्याणहून लोकलने येतात. यांच्यातल्या एखाद्याशी क्लब पहिला व्यावसायिक करार करतो, तेव्हा त्याच्या घरच्यांना त्यातले मुदतवाढीचे कलम, करार मोडण्याची रक्कम, लोनवर पाठवण्याची अट समजावून सांगणारे बहुधा कोणीच नसते. प्रशिक्षक जे सांगतील त्यावर विश्वास ठेवून सही होते. शहरातल्या फुटबॉल संघटनेने आणि क्लबाने मिळून या मुलांसाठी कराराची माहिती मराठीत आणि हिंदीत उपलब्ध करून द्यावी, असे आम्हाला वाटते.

आणि क्लबाकडे समर्थकांची मागणी साधी आहे. ज्यांच्या कराराचे शेवटचे वर्ष सुरू आहे अशा भारतीय खेळाडूंशी, त्यातही मुंबई-महाराष्ट्रात घडलेल्या खेळाडूंशी, नोव्हेंबर संपण्याआधी बोलणी पूर्ण करावीत. जो राहणार नाही, त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू किंवा रक्कम मिळवण्यासाठी जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंना क्लब बदलण्याची मुदत, तेव्हा अजून पुढे असते.