लेथ उलटा फिरवायचा तो कशासाठी?

नमस्कार श्रोतेहो. लाकडाच्या लेथवर, म्हणजे लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार द्यायच्या यंत्रावर, हल्ली सरळ-उलट असा स्विच बऱ्याचदा असतो. नवा लेथ घेतलेला माणूस सुरुवातीला तो खटखट करून बघतो आणि मग विसरून जातो. आज त्या उलट फेऱ्याबद्दल बोलू या.

पहिल्यांदा हे ध्यानात घ्या की हा फेरा पटाशीसाठी नाही. सरळ फेऱ्यात लाकूड वरून खाली येतं आणि पटाशीला टेकूवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीवर, दाबून ठेवतं. उलट फेऱ्यात ते खालून वर जातं आणि पटाशी उचलून भिरकावतं. जुन्या दोरीच्या लेथवर, एक जण दोरी मागेपुढे ओढायचा तेव्हा, दर दुसरा फेरा उलटाच असे. पण त्या वेळी कातारी, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, हत्यार मागे घ्यायचा.

खरा फायदा होतो तो पॉलिश पेपरच्या कामात. नऊ इंची पोळपाट घ्या. त्याच्या कडेवर समोरासमोर दोन जागी तंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. एकाच दिशेने पेपर मारत राहिलात, तर ती कापली जात नाहीत, नुसती निजतात. हाताला गुळगुळीत लागतं, आपण खूश होतो, आणि ओलं फडकं फिरवलं की लव उभी! उलट फिरवलं की निजलेले तंतू पेपरला सामोरे येतात आणि कापले जातात. म्हणून १२० नंबरच्या पेपरने सरळ, मग उलट; तसंच १८० आणि २२० ने. गती मंदच ठेवा. उलट फेऱ्यात पोळपाटाच्या तोंडावर पेपर पलीकडच्या अर्ध्या भागावर धरा. तिथे लाकूड खाली जात असतं, भुसा तोंडावर उडत नाही. मास्क मात्र हवाच.

आता धोका. लाकूड पकडणारा चक आणि लाकूड स्क्रूने जिच्यावर बसवतात ती फेसप्लेट, ही दोन्ही स्पिंडलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्याच्या, आट्यांवर बसतात. सरळ फेऱ्यात ते घट्ट होतात, उलट फेऱ्यात सुटू शकतात. पाच किलोचा चक लाकडासकट निघून आला तर काय होईल, ते मी सांगायला नको. चकला ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला स्पिंडलवर जखडणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, असेल तर तो आवळा, टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकणाचा, आधार देता आला तर द्या, आणि सुरुवात अगदी हळू करा.

दिशा बदलताना लेथ पूर्ण थांबू द्या. सिंगल फेज मोटर चालू असताना स्विच फिरवलात, तर ती बहुतेक वेळा त्याच दिशेने फिरत राहते, कारण सुरू होताना मोटरला दिशा देणारं तारेचं वेटोळं, म्हणजे सुरुवातीचं वाइंडिंग, तोवर सुटलेलं असतं. थ्री फेज मोटर मात्र जोराचा झटका देऊन उलटी होते, आणि नेमका तोच झटका चक सोडवतो.

तुमच्या लेथला उलट फेरा नसेल, तरी लाटण्यासारख्या दोन टोकांत धरलेल्या कामाला सोपा उपाय आहे. लाटणं काढा, टोकांची अदलाबदल करा आणि पुन्हा बसवा. लेथ सरळच फिरेल, लाकडाच्या हिशेबाने पेपर उलट चालेल.