मिसिंग कधी येतं, ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. मागच्यांनी जरा पुढे सरका, माइक खरखरतोय. आज विषय एकच आहे, सेकंडहँड घेतलेली पिकअप मधूनच मिसिंग करते, गॅरेजला आणली की शहाण्यासारखी चालते आणि माल भरून निघालं की परत झटके सुरू. कायम मिसिंग करणारी गाडी परवडली, ती निदान समोर उभी राहून दुखणं दाखवते. ही अधूनमधूनवाली मालकाला धुवून काढते, कारण हिच्यावर सगळे अंदाजाने पार्ट बदलतात. आधी ठिणगीचा प्लग, मग त्याला वीज देणारी कॉइल, मग इंधन फवारणारा इंजेक्टर साफ, शेवटी कोणीतरी म्हणतं ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय, आणि एवढा खर्च करून गाडी घाटात परत तशीच.

डिझेलवाल्यांनी रागावू नका, तुमच्याकडे ठिणगीच नसते, लाइनीत हवा, फिल्टर, इंजेक्टर हा वेगळा संसार आहे, तो परत कधीतरी. आज पेट्रोल आणि सीएनजी.

आधी मिसिंग म्हणजे काय ते दोन मिनिटांत. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा फायर होतो, म्हणजे ३००० आरपीएमला एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा. प्रत्येक फायरला क्रँकला धक्का बसतो. एखादा हुकला की क्रँक त्या जागी कणभर मंदावतो, क्रँक सेन्सर ते बघतो आणि ईसीएम मोजत बसतो की कुठल्या नंबरचा किती वेळा हुकला. म्हणून ईसीएममधले कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०१ आलं तर पहिला सिलिंडर, पी०३०२ तर दुसरा असं, आणि पी०३०० म्हणजे कुठलाही एक नाही, आज हा तर उद्या तो. छोटा हत्ती पेट्रोलवाल्यांचं सोपं आहे, ६९४ सीसीचं इंजिन, सिलिंडर दोनच, एक गेला की अर्धं इंजिन गेलं, तिथे स्कॅनरच्या आधी कंबरेला कळतं.

पण पी०३०२ आलं म्हणजे दोन नंबरची कॉइल गेली असं कोणी म्हटलं की समजा तो घाईत आहे. कोड फक्त घर दाखवतो, चोर नाही. त्या घरात प्लग आहे, कॉइल आहे, इंजेक्टर आहे, व्हॉल्व्ह आहेत, त्यांच्या वायरी आहेत. म्हणून मी मालकाला पहिलं विचारतो की बाबा, येतं कधी? थंड इंजिनला की गरम झाल्यावर? चढाला की उभ्या गाडीत? पावसात की उन्हात? गॅसवर की पेट्रोलवर? मालक म्हणतो कधीपण येतं. असं नसतं हो. कधीपण येतं म्हणजे लक्ष दिलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्याला आठवत नसेल तर गाडीला आठवतं, कोड पडला त्या क्षणाचं आरपीएम, लोड, स्पीड, पाण्याचं टेंपरेचर असं सगळं ईसीएम साठवून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. लोक काय करतात, स्कॅनर लावतात, कोड बघतात आणि लगेच उडवतात. कोडबरोबर फ्रीज फ्रेमपण गेली! आधी मोबाइलवर फोटो काढा ना राव, मग काय उडवायचं ते उडवा.

सीएनजीवाल्यांच्या हातात तर फुकटचं टेस्टिंग मशीन आहे, डॅशबोर्डवरचं गॅस-पेट्रोलचं बटण. मिसिंग चालू असताना बटण दाबून पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर गुळगुळीत चालली तर दोनच वाटा उरतात, एक तर गॅसची बाजू म्हणजे गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर, गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर, नाहीतर ठिणगी कमजोर आहे. ठिणगी दोन्हीकडे एकच असली तरी सीएनजीला उडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे जो प्लग पेट्रोलवर कसाबसा रेटून नेतो तो गॅसवर हात टेकतो. उलट पेट्रोलवर मिसिंग आणि गॅसवर छान असेल तर ठिणगीला मोकळं सोडा आणि पेट्रोलची टाकी बघा. काही सीएनजी पिकअपना पेट्रोलची टाकी पाचच लिटरची असते, आणि लोक त्यातही महिनोन्‌महिने तळाशी घोटभर ठेवतात, ते शिळं होतं, त्यात पाणी धरतं, आणि टाकीतला पंप गार राहतो तो पेट्रोलमुळेच, तो कोरडा पडून घासतो. आणि दोन्हीवर सारखंच मिसिंग असेल तर कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, व्हॉल्व्ह, वायरिंग, सेन्सर. बघा, एका बटणात अर्धं गॅरेज बाजूला झालं.

एक गाडी सांगतो, कंपनीचं नाव सोडा. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाटाने वाशी मार्केटला नेणारी, चार सिलिंडर, सीटखाली इंजिन. तक्रार अशी की पावसाळ्यातच, गॅसवरच, आणि भरलेली गाडी चढाला लागली की झटके. रिकामी असली की काही नाही. आधीच्या गॅरेजने प्लग नवे टाकलेले. आता या तक्रारीतच उत्तर आहे बघा. चढाला थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडा असतो, सिलिंडरमध्ये दाब वाढतो, दाब वाढला की प्लगच्या गॅपमधून उडी मारायला ठिणगीला जास्त जोर लागतो, वर गॅस आहे म्हणून आणखी जोर, मग ती वीज सोपा रस्ता शोधते. पाऊस तो रस्ता करून देतो. आम्ही संध्याकाळी शटर खाली ओढलं, लाइट घालवली, सीट उचलली, गाडी चालू ठेवून झाडांना मारायच्या स्प्रेने कॉइलांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या नंबरला टिकटिक आवाज आला आणि प्लगच्या रबरी बूटाच्या, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या टोपीच्या, कडेने निळा धागा इंजिनच्या हेडवर उतरताना दिसला. गाडी बंद करून प्लग काढला तर पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ. त्याला कार्बन ट्रॅक म्हणतात. आता खरी मेख, तशीच रेघ बूटाच्या आतल्या बाजूलाही होती. आधीच्याने प्लग नवा टाकला आणि बूट जुनाच ठेवला, त्यामुळे बूटावरच्या रेघेने नव्या प्लगवर नवी रेघ जाळली. प्लग आणि बूट जोडीने बदलायचे, हे कितीदा सांगितलं तरी लोक बूटाचे पैसे वाचवतात. आणि पाणी आलं कुठून, तर सीटखालच्या झाकणाचं रबर सेकंडहँड घेतानाच गायब होतं. ते बसवलं नसतं तर पुढच्या पावसात गिऱ्हाईक परत दारात.

हा फवारा मारताना हात लांब ठेवा, उघड्या वायरीला शिवू नका. आणि जुने मिस्त्री चालू इंजिनची प्लग वायर एकेक उपटून बघायचे ना, ते आता बंद करा. झटका तर बसतोच, शिवाय वीज बाहेर जायला रस्ता न मिळाल्याने कॉइल आतून फुटते. सिलिंडर बंद करून बघायचाच असेल तर इंजेक्टरचं कनेक्टर काढा. आणि त्याहून सोपं म्हणजे अदलाबदल, दोनची कॉइल तीनला, तीनची दोनला, आणि गाडी त्याच रस्त्याला त्याच लोडवर न्या. कोड पी०३०२ चा पी०३०३ झाला तर कॉइल दोषी, जागेवरच राहिला तर कॉइल निर्दोष. एका वेळी एकच वस्तू हलवा. प्लग, कॉइल, इंजेक्टर तिन्ही एकदम फिरवले की कोड हलला तरी कशामुळे ते देवालाच माहीत. मीटरने कॉइलचा रेझिस्टन्स बघून पास करणाऱ्यांना एवढंच सांगतो की थंड कॉइल मीटरवर पास होते आणि तीच तापली की चिरते.

सीएनजीचं अजून एक दुखणं आहे आणि ते फार कमी लोक बघतात. गाडी गरम झाली, सिग्नलला उभी आहे, आयडलला एक सिलिंडर लंगडतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की सुधारतो. इथे प्लग बदलत बसू नका, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा टॅपेट यांच्यातली फट बघा. कोरडा गॅस आहे, वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, क्लिअरन्स कमी होत होत संपतं, आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. म्हणजे कॉम्प्रेशन गळतं. थंड इंजिनचं कॉम्प्रेशन घेतलं तर ते चांगलंही येईल, म्हणून गरम असताना घ्या, आणि आकडा किती यापेक्षा चारही सिलिंडरमध्ये फरक किती ते बघा. फट संपली की टॅपेट वाजतही नाही, म्हणून टॅपेटचा आवाज येत नाही यावर खूश असणारा मालक बहुतेक याच रांगेत उभा असतो.

पी०३०० आला, म्हणजे सगळेच आळीपाळीने हुकतायत, तर चौघांत मिळून जे एकच आहे तिकडे जा. फ्युएल प्रेशर, मॅनिफोल्डची म्हणजे सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांची हवागळती, क्रँक सेन्सर, इंजिनची अर्थिंग पट्टी. अर्थिंग पट्टी म्हणजे चेसिसला नटाखाली गंजून बसलेली ती वेणी, तिच्याकडे कोणी बघत नाही. बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावा आणि स्टार्टर मारा, अर्धा व्होल्ट दिसला तरी पट्टी काढून घासा. हवागळती असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधन किती वाढवतो-घटवतो तो आकडा, आयडलला चढलेला दिसतो आणि आरपीएम वाढवलं की उतरतो, पंप दमला असेल तर उलटं, लोड वाढेल तसा ट्रिम चढतो. फक्त एक लक्षात ठेवा, जळलं नाही त्या सिलिंडरची हवाही सायलेन्सरला जाते आणि ऑक्सिजन सेन्सर ती बघून पेट्रोल कमी पडतंय असं सांगतो, त्यामुळे मिसिंग चालू असतानाचा ट्रिम तेवढ्यापुरताच धरा.

आणि चेक लाइट नुसती न पेटता लुकलुकायला लागली तर गाडी बाजूला घ्या, मार्केट चुकलं तरी चालेल. न जळलेलं इंधन कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळतं, आतली जाळी वितळते, आणि मग कॉइलच्या खर्चाची आठवण गोड वाटायला लागते.

गाडी घेतानाचं राहिलं. विकणारा कोड उडवून आणतो, लाइट बंद, सगळं छान. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर खिशात ठेवा, स्टिअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो, आणि कोड उडवल्यापासून किती किलोमीटर झाले तो आकडा बघा, बऱ्याच गाड्या तो दाखवतात. चार किलोमीटर आला तर शेठला विचारा की आज सकाळी काय उडवलंत. मग गाडी रिकामी फिरवू नका, माणसं बसवा, चढाला न्या, गॅस-पेट्रोल दोन्हीवर न्या.

इथून एक दादा विचारतायत की टाकीत टाकायची क्लीनरची बाटली चालते का. पेट्रोल इंजेक्टरवर मळ असेल तर थोडाफार फरक पडतो. पण तुमची गाडी दिवसभर गॅसवर, ते औषध गॅस इंजेक्टरपर्यंत पोचणार कसं? तिथे पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन बसतं, त्याला फिल्टर बदलणं आणि इंजेक्टर काढून साफ करणं हाच उपाय, आणि तोही सीएनजीचं काम येणाऱ्याकडूनच, कारण गॅसच्या सिलिंडरपासून रिड्युसरपर्यंतच्या नळीत २०० बारपर्यंत दाब असतो. ती नळी पान्याने सैल करून बघू नका. चला, अजून कोणाचं काही असेल तर बाहेर गाडीपाशीच बोलू, दोघांनी आणल्यात म्हणे.