आजींचं गॅस बिल आणि जपानी काकांची कंपनी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय परदेशात कंपनी काढण्याबद्दल, म्हणजे आपला ठाण्याचा मसालेवाला दुबईत जातो तेही आणि बाहेरचा माणूस येऊन आपल्या नवी मुंबईत धंदा मांडतो तेही, कारण दोघांची अडचण एकच, माणूस नवखा आणि कागद तिथले. मी नौपाड्यात बसून हीच कामं करते, छोट्या धंद्यांची. मोठ्यांना त्यांचे वकील असतात, माझ्याकडे येतात ते एकटेदुकटे. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम, किती दिवसात होईल? अहो दिवस नका विचारू, कागद विचारा. आधी कागद, मग कंपनी. हे आज दोन-तीनदा म्हणणारे मी, कंटाळू नका.

आता वाशीच्या जपानी काकांची गोष्ट ऐका. नाव नाही सांगत, सोसायटीतली पोरं त्यांना जपानी काकाच म्हणायची. गृहस्थ पॅकिंगच्या मशीन दुरुस्त करण्यात पक्के, महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत जुनी ओळख, म्हणून ठरवलं की इथेच छोटी कंपनी काढायची. आपल्याकडे प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात आणि त्यातला एक तरी वर्षात 182 दिवस भारतात राहिलेला हवा, तर तो त्यांचा रबाळ्याचा मित्र होता, चांगला माणूस. काका बिझनेस व्हिसावर आले होते म्हणून सह्या इथेच करता आल्या. टुरिस्ट व्हिसावर आले असते तर ते चाललं नसतं, जपानला परत जाऊन नोटरी करा, अपॉस्टिल करा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिथला सरकारी शिक्का घ्या, सगळी यात्रा. म्हणजे बघा, सगळं छान जुळलेलं. राहिला पत्ता.

पत्ता म्हणजे कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस. काका राहायचे वाशीत एका आजींच्या फ्लॅटमध्ये, एक खोली भाड्याने. आजी म्हणाल्या लाव की पाटी, मला काय त्रास आहे, बिचारा चपला सुद्धा सरळ लावून ठेवतो. एनओसीवर, म्हणजे ना हरकत पत्रावर, सही सुद्धा दिली. मग मी म्हटलं आजी, लाईट बिल द्या. तर बिल आलं आजोबांच्या नावावर. आणि आजोबा जाऊन झाली होती बरीच वर्षं!

आजींना म्हटलं, अहो नाव नाही का बदललंत? तर म्हणाल्या, "बिल मी भरते, वेळेवर भरते, लाईट कधी कापली गेली नाही, मग नावाचं काय घेऊन बसलीस?" आता यावर काय बोलणार. पण नियम सरळ आहे, जागामालकाच्या नावावरचं बिल हवं आणि ते दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. अर्ज तपासला जातो हरियाणात मानेसरला, तिथल्या माणसाला आजीही माहीत नाहीत आणि आजोबाही, तो कागदावरची दोन नावं जुळतात का बघणार, आणि ते बरोबरच आहे त्याचं.

बिलावरचं नाव बदलायला वारसाचे कागद लागणार, त्यातले काही मोठ्या मुलाकडे आणि मुलगा बंगलोरला. काका शांतपणे सोफ्याच्या कडेला बसून ते लाईट बिल दोन्ही हातात धरून वाचत होते, मराठी अक्षर येत नाही पण ग्राहक क्रमांकाचे आकडे एकेक करून तपासत होते, जसं काही त्यातच गडबड सापडेल. मग मला आठवलं की नियमात फक्त लाईट बिल कुठे म्हटलंय, फोन चालतो, गॅसही चालतो. मी विचारलं, आजी, पाईपगॅस कोणाच्या नावावर आहे? आजी ताठ बसल्या. "माझ्या. लाईट, फोन, गाडी सगळं यांच्या नावावर, मी म्हटलं स्वयंपाकघर माझं तर गॅसही माझ्या नावावर." सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, म्हणजे फ्लॅट कोणाचा ते दाखवणारा कागद, काढून बघितलं तर त्यावर आजोबा-आजी दोघांची नावं, आजींचं दुसरं पण होतं. सुटलो!

(हे विषय सोडून आहे, पण बायकांनो, घरातलं एक तरी बिल स्वतःच्या नावावर घ्या, आजच घ्या. आणि सोसायटीचं नॉमिनेशन भरलंय का तेही बघा, ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं पाठवायला वेळ असतो सगळ्यांना.)

पण गंमत पुढे आहे. घरात होतं ते गॅस बिल दोन महिन्यांवर गेलेलं, आणि ते बिल येतंच दोन महिन्यांनी एकदा. म्हणजे नवीन येईपर्यंत थांबा. काकांचा रोज सकाळी फोन, मोडक्या हिंदीत, "मॅडम, गॅस आया?" माझ्या ऑफिसमधल्या मुली हसून बेजार. शेवटी बिल आलं तेव्हा काकांनी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून, ट्रान्सहार्बरने वाशीहून ठाण्याला स्वतः आणून दिलं, फोटो पाठवला असता तरी चाललं असतं हो. त्या आनंदात त्यांना मामलेदारची झणझणीत मिसळ खायला नेलं, ते चुकलंच जरा, बाकी कंपनी झाली.

आता वेळ थोडा राहिलाय, तुमच्या कामाचं पटकन सांगते. असली आजींची बिलं प्रत्येक देशात असतात. इंग्लंडमध्ये मार्च 2024 पासून नुसता पीओ बॉक्स रजिस्टर्ड ऑफिस म्हणून चालत नाही, सिंगापूरला तिथे राहणारा एक डायरेक्टर लागतोच. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी 2014 पासून आहे, कार्ड मिळतं, घरबसल्या कंपनी निघते, पण तो व्हिसा नव्हे, तिथे राहायला मिळत नाही. दुबईला टॅक्स नाही असं अजूनही लोक छातीठोक सांगतात, जून 2023 पासून आहे, 3 लाख 75 हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के. म्हणून म्हणते, आधी कागद, मग कंपनी.

आणि इथून पैसे पाठवताना बँकेतूनच, वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत, मेहुण्याच्या तिकडच्या खात्यातून परस्पर फिरवाफिरवी नको. बाहेरच्या कंपनीतले शेअर इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचे असतात, कंपनी तोट्यात असली तरी. आणि ओळखीखातर कोणाच्या कंपनीत नावापुरतं डायरेक्टर होऊ नका, सही तुमची तर नोटीसही तुमच्याच घरी.

कन्सल्टंटकडे गेलात, मी असो नाहीतर दुसरं कोणी, तर विचारा की दुसऱ्या वर्षी किती खर्च येईल, हिशोब, ऑडिट, लायसन्सचं रिन्यूअल धरून, आणि बँक खातं उघडून देणं पॅकेजमध्ये आहे की नुसतं रजिस्ट्रेशन, कारण खरी दमछाक बँकेत होते. उत्तर लेखी घ्या. चला, मागून खूण करतायत, नमस्कार.