हलगीवर चाललेला घोडा

श्रोतेहो, नमस्कार. आज माझ्या आजोबांविषयी बोलणार आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये ते फिटर होते, घर वडगावात. त्यांचा जीव दोन गोष्टींत होता, लेझीम आणि खटपट. हलगी वाजली की पाय थांबायचे नाहीत, आणि बंद पडलेली वस्तू दिसली की हात थांबायचे नाहीत.

वडगाव, शहापूर, खासबाग म्हणजे मागांचा भाग. दिवसभर खटक-खटक चालूच. आजोबा कामावरून येताना एखाद्या दारात थांबायचे. आत जायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून पायाच्या अंगठ्यानं ठेका धरायचे आणि तिथूनच सांगायचे, "तुझा माग लंगडायलाय बघ. पिकर बघून घे जा." पिकर म्हणजे धोट्याला, आडवा धागा नेणाऱ्या मागाच्या भागाला, ठोसा देऊन पलीकडे पाठवणारा तुकडा. तो काढून बघावं तर झिजलेला असायचा. डोळ्यांनी न बघता, नुसत्या ठेक्यावरून! लेझीम खेळून खेळून तयार झालेला कान होता तो.

आमच्या बेळगावला खटपटीची परंपराच आहे. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथंच सायकलचं दुकान काढलं. 1903 मध्ये लोखंडी नांगर तयार केला. पुढं 1910 ला त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. आजोबा ही गोष्ट घरातल्या माणसाची सांगावी तशी सांगायचे. आणि माझं स्पष्ट मत आहे, घड्याळ उघडून बसलेल्या पोराला कुणी रागावू नये. बिघडलं तर घड्याळ बिघडेल, पोरगं सुधारेल.

लेझीम तुम्हाला माहीत आहे. लाकडी दांडा, दोन्ही टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, तिच्यात पत्र्याच्या चकत्या. माझ्या लहान हातांसाठी आजोबांनी आखूड दांड्याची लेझीम केली होती आणि मला पोरांच्या रांगेत उभं केलं होतं. कुणी काही बोललं की म्हणायचे, "हलगीला काय ठाऊक, मुलगा हाय का मुलगी?" जाता जाता सांगते, साखळीला खोबरेल लावू नका. आपल्याकडच्या थंडीत ते थिजतं आणि चकत्या बोलत नाहीत. शिलाई मशीनचं तेल लावा, तेही थेंबभर.

आता जी गोष्ट सांगायला मी आले आहे, ती शिवजयंतीची.

बेळगावची शिवजयंती वैशाखातली. जन्मतिथी वैशाख शुद्ध द्वितीयेची धरायची, आणि मग चित्ररथांची मिरवणूक. रात्री निघते ती पहाटेपर्यंत चालते. गल्लोगल्लीचे देखावे ट्रॉल्यांवर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, लेकरं खांद्यावर.

मी तेव्हा शाळेत होते. त्या वर्षी आमच्या गल्लीनं घोडा करायचा ठरवला. कामट्या, गोणपाट आणि कागदाचा लगदा यांचा उंच घोडा, आणि तो पुढचे पाय उचलणार. त्याची करणी आजोबांची. ट्रॉलीच्या फळ्यांखाली मोटर, मोटरवरून पट्टा, पट्ट्यावर सायकलचं रिम, रिमला दांडी आणि दांडीचं वरचं टोक घोड्याच्या छातीला. रिम फिरलं की दांडी वर जायची आणि घोडा उसळायचा. वीज भाड्याच्या जनरेटरची. घोड्यावर गल्लीतला एक पोरगा, भगवा फेटा बांधून.

आजोबा पुढं लेझीमच्या रांगेत होते. मिरवणूक नरगुंदकर भावे चौकात आली आणि जनरेटर फटफट करून बंद पडला. दिवे गेले. घोडा पुढचे पाय वर धरून थांबला. मागचं मंडळ पुढं सरकायला लागलं, कार्यकर्त्यांची आरडाओरड सुरू झाली, आणि घोड्यावरचा पोरगा वरून हाका मारायला लागला, "आज्जा, घोडा थांबला!"

आजोबा रांगेतून बाहेर आले, ते सरळ ट्रॉलीखाली. मला म्हणाले, "बॅटरी धर गे." मी धरली. त्यांनी जनरेटरकडे एकदा बघितलं आणि नाद सोडला. पकडीनं पट्टा काढून टाकला. हातातली लेझीम, स्वतःची, किती वर्षांची वापरलेली, तिचा दांडा रिमच्या स्पोकमधून आरपार घातला आणि तारेनं आवळला. झाली मूठ! साखळी तशीच रिमवर लोंबत ठेवली. कुणीतरी गॅसबत्त्या आणल्या. आजोबा गुडघ्यांवर बसले, मूठ धरली आणि ओरडले, "वाजीव!"

हलगीवाल्यानं पहिली थाप दिली आणि रिम फिरलं. साखळी छन्न करून वाजली, घोडा उसळला. थाप, छन्न, उसळी. थाप, छन्न, उसळी. हलगी संथ तर घोडा संथ. हलगीवाल्याच्या ते ध्यानात आलं आणि त्यानं हात वाढवला, तसा घोडाही वाढला. हलगी वाढेल तसा घोडा वाढला, श्रोतेहो. मोटरवर तो नुसता वरखाली होत होता, आता तो दौडायला लागला. पुढं लेझीमची रांग आणि मागं घोडा, दोघं एका तालात. माणसं गच्चीवरून ओरडायला लागली. वरचा पोरगा घाबरून आयाळीला मिठी मारून बसला होता, तो ताठ झाला.

हे कुणी बघितलं नाही, ते बॅटरीच्या उजेडात मी बघितलं. ट्रॉलीखाली बसून आजोबांचे खांदे लेझीमचे हात करत होते. उजवीकडे झोका, डावीकडे झोका, वाकणं आणि उठणं. सदरा घामानं भिजलेला, तळव्याचं कातडं सोललेलं. दमले की मी मूठ धरायची, आणि ते शेजारी बसून टाळीनं मला ताल द्यायचे. मी चुकले की टाळी जोरात यायची. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी तो घोडा चालवला.

पुढल्या वर्षी मंडळानं नवी, चांगली मोटर आणायचं ठरवलं. आजोबा नको म्हणाले. "मोटरला काय कळतंय, हलगी वाढली म्हणून?" असं म्हणून त्यांनी रिमला कायमची मूठ बसवली, लोखंडी, वर लाकडाचं आवरण. साखळी मात्र लेझीमचीच ठेवली. शेजारच्या मंडळाचे लोक विचारायला आले, तर त्यांना खडूनं भिंतीवर सगळं काढून दिलं. आपलं गुपित असं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

आता मिरवणुकीत डॉल्बी येतो. मला तो सहन होत नाही. छातीत धडधड होते आणि पायात काही उतरत नाही. आवाज मोठा आणि ताल एकच, रात्रभर. त्याच्यावर उड्या मारता येतात, लेझीम खेळता येत नाही. शाळेत पीटीच्या तासाला लेझीम होती, ती परत आली पाहिजे, हे मी भेटेल त्या मास्तरांना सांगते. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात लेझीम खेळली गेली, सगळ्या देशानं बघितली. ती आपल्याच गल्लीत दिसू नये?

शेवटची काही वर्षं आजोबांचे गुडघे गेले होते. खुर्चीत बसून ते आजूबाजूच्या शाळांच्या लेझमी दुरुस्त करायचे. तुटलेली कडी, गंजलेली चकती, सैल झालेली मूठ. दुरुस्त झालेली प्रत्येक लेझीम एकदा हलवून बघायचे, कान लावून. आवाज पटला नाही तर चकत्यांची जागा बदलायचे. पोरांना कळायचं नाही, काय बदललं. पण ती लेझीम हातात घेतली की पोरगं जागच्या जागी दोन हात करून बघायचंच, आणि आजोबा खुर्चीतून म्हणायचे, "वाक की अजून. कंबर काय घरात ठेवून आलास?"

त्यांची पकड, कानस आणि चकत्यांचा डबा आता माझ्याकडे आहे. शिवजयंतीच्या आधी गल्लीतली मुलंमुली लेझमी घेऊन येतात आणि मी बसते. तुमच्या घरी माळ्यावर लेझीम पडली असेल तर खाली काढा, तेलाचा थेंब द्या आणि पोरांच्या हातात द्या. नमस्कार.