चढावर दम सोडणारी मोबिलिटी स्कूटर: मोटार बदलण्याआधी काय मोजायचं

नमस्कार मंडळी. घरातल्या आजी-आजोबांची किंवा चालायला त्रास होणाऱ्या कुणाची बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर असेल, तर ही तक्रार ओळखीची वाटेल. अंगणात गाडी छान पळते. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजपथाने राजवाड्याकडे निघालं की चढावर मंदावते, हँडलवरचे बॅटरीचे दिवे हिरव्यावरून लालवर येतात, कधी मध्येच उभी राहते. पाच मिनिटं थांबलं की दिवे पुन्हा हिरवे. मग निदान होतं, "मोटार गेली." आमचं सांगणं एवढंच, की आधी चढावर व्होल्टेज मोजा आणि मगच पैसे खर्च करा.

[पाटीवर आकडे]

हे असं का होतं, ते हिशोबाने बघू. गाडी आणि माणूस मिळून १५० किलो धरा, वेग ताशी ६ किलोमीटर. सपाट रस्त्यावर चाकाला साधारण ५० वॅट लागतात. शंभर मीटरला सहा मीटर चढ आला की तीच गरज २०० वॅटच्या घरात जाते. मोटार आणि गिअरमधलं नुकसान धरलं, तर २४ व्होल्टच्या गाडीत सपाटीला ३ अँपिअर आणि चढाला १२-१३ अँपिअर ओढले जातात. आता बॅटरी जुनी झाली, तिचा अंतर्गत रोध ०.२ ओहमने वाढला असं समजा. सपाटीवर व्होल्टेज ०.६ ने पडेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. चढावर मात्र अडीच व्होल्टच्या आसपास पडेल. सांगलीत विश्रामबागच्या सपाट रस्त्यावर जी गाडी आणखी काही महिने निभावून नेईल, ती साताऱ्यात आजच हात टेकते, त्याचं कारण हे.

[सीट काढून बॅटऱ्या दाखवणे]

सीटखाली १२ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून, असतात. हात घालण्याआधी चावी बंद करा, अंगठी आणि घड्याळ काढा, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर ठिणगी उडते आणि हात भाजतो.

रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोन-तीन तास थांबा आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.७ ते १२.९ आलं तर ठीक. एखादी १०.६ च्या आसपास अडकली असेल तर तिच्यातला एक सेल शॉर्ट आहे, तिथेच शोध संपला.

पण आकडा चांगला आला म्हणून झाकण लावू नका. खरी परीक्षा लोडवर होते. मीटरच्या वायरींना क्रोकोडाइल क्लिप लावा, वायरी चाकापासून लांब बांधा. एकाने सावकाश चढावर गाडी न्यायची, दुसऱ्याने शेजारून चालत मीटर बघायचा. दोन्ही बॅटऱ्या मिळून २३-२४ व्होल्ट धरून ठेवत असतील तर बॅटरी निर्दोष. २१ च्या खाली गेल्या, म्हणजे सरासरी प्रत्येकी १०.५ च्या खाली, तर बॅटरीत जोर उरलेला नाही, आणि कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटारीला वीज देणारी पेटी, स्वतःला वाचवायला वेग कमी करणारच. मग त्याच चढावर एकेक बॅटरी मोजा. एक १२ वर आणि दुसरी ९ च्या खाली दिसली, तर दोषी सापडली.

बदलताना मात्र दोन्ही बदला, एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या. चार्जरला फक्त दोघींची बेरीज दिसते. नवी-जुनी जोडी लावली की एक जास्त चार्ज होते, दुसरी अर्धपोटी राहते आणि नवीही लवकर खराब होते. यूपीएसची बॅटरी मापात बसते आणि स्वस्तही पडते, पण ती अधूनमधून वीज जाण्यासाठी केलेली असते. रोज खोलवर उतरणं आणि भरणं तिला झेपत नाही. डीप सायकल असं लिहिलेलीच मागा.

चार्जरचा हिरवा दिवाही फसवतो. २० अँपिअर-तासाची रिकामी जोडी २ अँपिअरच्या चार्जरवर भरायला दहा तास किंवा जास्त लागायला हवेत. दीड तासात हिरवा लागला तर बॅटरीत साठवायला जागाच उरलेली नाही. महिनोन्महिने अर्धवट उतरलेली ठेवली की प्लेटवर सल्फेट जमतं आणि हे होतं.

[कनेक्टर जवळून]

बॅटरी चांगली निघाली, तरी गाडी दमते? मग बॅटरी ते कंट्रोलर या वाटेत व्होल्टेज कुठे पडतं ते शोधा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं कंट्रोलरच्या पॉझिटिव्ह इनपुटवर, आणि गाडी चढावर. इथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर १३ अँपिअरला साडेसहा वॅट त्या एका सांध्यात तापतात. प्लास्टिक पिवळं पडलेलं, पितळेवर हिरवा गंज, हे त्याचेच पुरावे. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने दमट हवा असते, तिथे हे फार बघायला मिळतं. पॉलिश पेपरने घासा, लग (वायरीच्या टोकाची कडी) घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा. निगेटिव्ह बाजूही अशीच मोजा.

आता यांत्रिक बाजू. टायरमधली हवा टायरवर छापलेल्या आकड्याइतकी भरा, कमी हवा सरळ करंट वाढवते. थ्रॉटल (वेगाचा खटका) दाबताच मोटारीच्या मागून "टक्" असा आवाज यायला हवा, तो विद्युत ब्रेक सुटल्याचा. ब्रेक अर्धवट घासत असेल तर सपाटीवर थोडं चालवूनही मोटार हाताला चटका देते. मोटारीतले कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे तुकडे) झिजले असतील तर गाडी झटके देत चालते, कधी ढकलल्यावरच सुरू होते. कार्बन जोडीने बदला आणि आतली काळी पूड ब्रशने साफ करा.

जोर आहे पण वेगच नाही, ही तक्रार वेगळी. बऱ्याच गाड्यांत कासव-सशाचं बटण असतं. त्याआतला पॉट (वेग ठरवणारा फिरता रोध) झिजला की ससा लावूनही गाडी कासवच राहते. काही मॉडेलमध्ये सीट किंवा हँडलच्या स्विचवरून वेग अर्धा होतो, ते स्विच तपासा. रिव्हर्सचा वेग मुळातच कमी ठेवलेला असतो, तो बिघाड नव्हे. हँडल वळवल्यावरच गाडी बंद पडत असेल, तर हँडलच्या दांड्यातली वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता मोठी. घडीच्या गाड्यांत तर हमखास.

आणि गाडी अजिबातच हलत नसेल तर आधी मागचा फ्रीव्हील लिव्हर (गाडी हाताने ढकलता यावी म्हणून मोटार सुटी करणारा दांडा) बघा. तो सुटा असला की कंट्रोलर गाडी चालू देत नाही. चार्जरची पिन राहिली का, चावी फिरवताना थ्रॉटल दाबलेला होता का, हेही बघा. सर्किट ब्रेकर उडाला असेल तर थोडा वेळ थंड होऊ द्या, मग दाबा. पुन्हा उडाला तर जबरदस्तीने दाबून ठेवू नका. दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजून मॅन्युअलमधला तक्ता बघा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे असतात.

एक इशारा, आपल्या उताराच्या गावासाठी. चढ-उतारावर तो फ्रीव्हील लिव्हर कधीही सुटा करू नका, त्याने ब्रेकही सुटतो आणि गाडी माणसासकट घरंगळते.

उलट प्रकारही होतो. बॅटरी काठोकाठ भरली आणि घरातून निघाल्या निघाल्या लांब उतार लागला, तर मोटार जनरेटरसारखी वीज परत पाठवते, भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही, व्होल्टेज चढतं आणि काही कंट्रोलर गाडी थांबवतात. अशा वेळी चावी बंद-चालू करा आणि कासवाच्या वेगाने उतरा. चालत्या गाडीची चावी मात्र बंद करू नका, ब्रेक एकदम आवळला जातो आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो.