खुंटी तोंडाशीच ढिली होते

नमस्कार मंडळी.

आमच्या साताऱ्याच्या जुन्या घरात ओसरीवर एक लाकडी खुंटी होती. आजोबांचा कोट, छत्री, बाजाराची पिशवी, सगळं तिच्यावरच टांगलेलं, आणि दर पावसाळ्यात ती ढिली व्हायची. गंमत म्हणजे आत भिंतीत चांगली वीतभर गेलेली होती ती, आतलं टोक तसूभरही हलायचं नाही, पण तोंडाशी, जिथं भिंत संपते आणि खुंटी बाहेर येते ना, तिथली माती भुरूभुरू गळायची. आजी खाली झाडत झाडत म्हणायची, "अहो, ओझं कमी करा त्या खुंटीवरचं." आजोबा ओझं कमी करायचे नाहीत, आणखी लांब खुंटी ठोकायचे.

ही खुंटी मला गेल्या वर्षी आठवली. माझी खालची डावी दाढ काढली आणि तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर नवा दात, बसवायचं ठरलं. मी डेंटिस्ट नाही हं, कॉलेजात मशीन डिझाईन शिकवते, स्क्रू, बोल्ट, आटे हा माझा रोजचा धंदा. तर एका दवाखान्यात मला सांगितलं, "मॅडम, सगळ्यात लांबवाला टाकू, जितका लांब तितका पक्का." मला डोळ्यासमोर आजोबाच दिसले! हो-नाही करत मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि तेव्हापासून या विषयाचा जरा नादच लागला म्हणा.

आत्ता ऐकता ऐकता एक करा, पुढचा एखादा दात दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. किंचित, अगदी किंचित हलतो ना? घाबरू नका, तसाच हवा. आपला दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा नसतो, मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची एक गादी असते, बारीक तंतूंची, आणि दात त्या तंतूंवर झोळीसारखा टांगलेला असतो. चावलं की दात थोडा खाली दबतो, गादी धक्का खाते, आणि वर मेंदूला निरोपही जातो की बाबा रे, भातात खडा आलाय, थांब.

इम्प्लांटला ही गादीच नाही. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, आणि हाड थेट त्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतं. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना हे १९५२ च्या सुमाराला सापडलं, तेही भलतंच काहीतरी शोधताना. सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला त्यांनी टायटॅनियमची छोटी डबी बसवली होती, प्रयोग संपल्यावर काढायला गेले तर निघेचना, हाडाने घट्ट धरून ठेवलेली. मग १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे चार स्क्रू बसवले आणि २००६ मध्ये लार्सन वारले तोपर्यंत ते कामात होते. म्हणजे हाडाची पकड पक्कीच आहे, त्यात वाद नाही. पण दात गादीवर दबतो तो २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि इम्प्लांट दबतो फार तर ३ ते ५. बाकीचा सगळा धक्का जातो कुठे? हाडात.

आणि हाडात नेमका कुठे, हीच माझ्या खुंटीची गोष्ट. कॉम्प्युटरवर आम्ही एखाद्या पार्टचे हजारो बारीक तुकडे पाडतो आणि भार दिला की कुठे किती ताण येतो ते रंगात बघतो, निळा म्हणजे कमी, लाल म्हणजे जास्त. जबड्यातल्या इम्प्लांटचं हे चित्र मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच हसू आलं, कारण तळाला सगळं निळं-हिरवं आणि वर स्क्रूच्या मानेभोवती, जिथं हाडाची कड संपते, तिथं लाल रिंगण. टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ, आकड्यात सांगायचं तर टायटॅनियम ११० गिगापास्कलच्या (हे ताठपणाचं माप) आसपास, हाडाचं बाहेरचं टणक कवच साधारण १५, आणि आतलं जाळीदार हाड १ किंवा त्याहूनही कमी. एक ताठ आणि एक मऊ वस्तू चिकटवून वाकवली की दोन्ही जिथं पहिल्यांदा भेटतात तिथंच ताण गोळा होतो, आणि त्यातही जो भाग टणक तोच भार आधी उचलतो. इथं दोन्ही गोष्टी मानेशीच एकत्र येतात.

मग लांबीचं काय? थोडाफार फायदा होतो, अगदीच आखूड असू नये, हाड मऊ असेल तर जास्तच. पण एका मर्यादेनंतर लांबी वाढवून मानेवरचा ताण फारसा उतरत नाही, जाडी वाढवली तर उतरतो. गोल दांडा वाकायला किती विरोध करतो ते जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं, म्हणजे ३.७५ मिलिमीटरच्या जागी ५ मिलिमीटर घेतला तर ताठपणा तिपटीच्या वर जातो, शिवाय भार मानेभोवती जास्त हाडावर पसरतो. आता लगेच "मग जाडच द्या" म्हणू नका, कारण जाड स्क्रू बसवून बाहेरच्या बाजूला हाडाचा पापुद्राच उरला तर तो टिकायचा नाही, गालाकडून निदान दीड-दोन मिलिमीटर हाड उरायला हवं. माझ्या डॉक्टरांनी स्कॅनवर पट्टीने मोजून दाखवलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं.

आता आट्यांकडे येऊ, हा माझा आवडीचा भाग. हाडाची एक खोड आहे, दाबलं तर भरपूर सोसतं, ओढलं तर त्याहून कमी, आणि कातरलं, म्हणजे दोन थर एकमेकांवरून सरकवायला गेलं, तर सगळ्यात कमी. सुताराकडच्या स्क्रूचे आटे टोकदार असतात, ते लाकडात शिरायला बरे, पण चावताना त्यांच्या उतारावरून जोर तिरका जातो आणि हाड कातरलं जातं. आटा चौकोनी केला तर तो हाडावर सपाट बसतो, आपण पाटावर बसतो तसा, आणि तोच जोर बराचसा दाबात बदलतो. पण चौकोनी आटे बसवताना त्रास देतात, म्हणून बऱ्याच डिझाईनमध्ये दोन्हींच्या मधला काहीतरी आकार असतो. आटे खोल असले की मऊ हाडात पकड चांगली येते, टणक हाडात मात्र तेच आटे बसवताना हाड उगाच पिळवटतात. सगळ्यांना एकच माप चालत नाही ते यामुळे.

पूर्वी मानेचा भाग गुळगुळीत ठेवायचे, कीटण चिकटू नये म्हणून. हेतू चांगला होता. पण गुळगुळीत मानेवर हाडाला धरायला काहीच नाही, त्यामुळे तिथल्या हाडाला कामच मिळेना, आणि हाडाला काम नाही मिळालं की ते झिजतं. युलियस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्येच हे मांडलंय, हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. प्लास्टर काढल्यावर काम न मिळालेले हाताचे स्नायू कसे बारीक झालेले असतात, बघितलंय ना? हाडाचंही तसंच. म्हणून आता कित्येक इम्प्लांटच्या मानेवर अगदी बारीक आटे कोरतात आणि पृष्ठभाग खरखरीत ठेवतात. म्हणजे बघा, जास्त ताण आला तर हाड खचतं आणि कमी आला तर आळसावतं, मधला पट्टा सांभाळायचा आणि तोही दीड-दोन मिलिमीटरच्या जागेत, आमच्या मशीनच्या धंद्यात असा बोल्ट कुणी मागितला तर आम्ही त्याला हाकलून देऊ!

एक किस्सा सांगते. १९९१ च्या सुमाराला अमेरिकेत ५ आणि ६ मिलिमीटरचे जाड इम्प्लांट आले, पण वरचा दात ज्याच्यावर बसतो तो जोडभाग, अबटमेंट म्हणतात त्याला, त्या जाड मापात मिळेना. मग डॉक्टरांनी ४.१ मिलिमीटरचाच बसवून काम भागवलं. काही वर्षांनी एक्स-रे काढले तर या जुगाडवाल्या पेशंटच्या मानेभोवतीचं हाड नेहमीपेक्षा कमी झिजलेलं. रिचर्ड लझारा आणि स्टीफन पोर्टर यांनी २००६ मध्ये हे नीट मांडलं. जोडाची फट हाडाच्या कडेपासून आत सरकते, त्यामुळे जंतूंची सूज हाडापासून लांब राहते, आणि कॉम्प्युटरच्या चित्रातही ताण कडेवरून आत, धातूकडे वळलेला दिसतो. फुकट काहीच नाही म्हणा, तो ताण मग आतल्या छोट्या स्क्रूला सोसावा लागतो. पण स्क्रू बदलता येतो.

सिगारेट आणि शुगरचं मी बोलत नाही, ते तुम्हाला डॉक्टर सांगतीलच, आणि हाड झिजण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

इम्प्लांटवर बसवलेल्या दाताचं मात्र बोलायलाच हवं, कारण ओझं तोच टांगतो. दाढ असते साधारण १० मिलिमीटर रुंद आणि खाली दांडा ४-५ मिलिमीटरचा, म्हणजे छत्रीच झाली. छत्रीच्या कडेवर फुटाणा आला आणि तुम्ही चावलात तर जोर सरळ खाली जात नाही, दांडा वाकवतो. दाढांमध्ये जोर लावून चावताना ५०० न्यूटनच्या आसपास भार सहज येतो, ५० किलोचं पोतं समजा. म्हणून दाढेची छत्री जरा अरुंद करतात, वरचे उंचवटे बसके ठेवतात. मला आधी वाटलं डॉक्टरांनी हात आखडता घेतला, आरशात दाढ शेजारणीपेक्षा बारकी दिसत होती. मी म्हटलं, "अहो, ही लहान नाही का झाली?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा, लांब हाताचा पाना का वापरतात?" मी गप्प.

शेवटी दात बसवल्यावर त्यांनी निळा कागद चाववून घेतला, दोन ठिपके घासून काढले, आणि मग चिमट्यात एक चंदेरी फॉइल धरली, आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ. "हळू चावा." फॉइल सुळकन निघून आली. मला वाटलं, दात टेकतच नाहीये, पैसे गेले पाण्यात. "आता जोरात." शेजारचे दात आपापल्या गादीत दबले, नवी दाढ आपल्या जागी ताठ उभी, आणि फॉइल अडकली. डॉक्टरांनी दोनदा ओढून बघितलं.

"झालं," म्हणाले, "उठा."

नमस्कार.