घरचा आहेर आणि सोळा मिनिटे

मित्रहो,

२६ फेब्रुवारी २००८ च्या रात्री अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीत, हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा एका मेजाशी शेजारी शेजारी बसले होते. आपल्याकडे तेव्हा २७ तारखेची सकाळ झाली होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी त्या हंगामात झालेली ही विसावी वादचर्चा. सुरुवातीला सात-आठ उमेदवार रांगेने उभे राहत असत, त्यांतले आता हे दोघेच उरले होते. आरोग्यविम्याचा विषय निघाला आणि दोघेही त्यात असे रुतले, की सूत्रसंचालक ब्रायन विल्यम्स यांना शेवटी हस्तक्षेप करावा लागला. आरोग्यसेवेवर सोळा मिनिटे चर्चा झाली, ही निदान सुरुवात म्हणायला हरकत नाही, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी विषय बदलला.

खरे सांगायचे तर मलाही ती सोळा मिनिटे तेव्हा फार लांबलेली वाटली होती. दोघांच्या योजना जवळपास एकच आहेत, मग हा शब्दांचा कीस कशासाठी, असे मनात आले होते. आज मला त्या संपूर्ण निवडणुकीतली सर्वांत मोलाची मिनिटे तीच वाटतात, आणि असे का वाटते हे सांगण्यासाठीच आजच्या व्याख्यानाला हा विषय निवडला.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षाच्याच मतदारांनी केलेले मतदान. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि ज्याला ते मिळत नाही तो एक तर गप्प बसतो, नाही तर बंडखोरी करतो. अमेरिकेतही फार पूर्वी वेगळे काही नव्हते. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, शिकागोच्या अधिवेशनात आत भांडणे आणि बाहेर रस्त्यावर लाठ्या चालल्या, आणि त्या बदनामीनंतर पक्षाने नेमलेल्या आयोगाने नियम पालटून उमेदवार निवडण्याचे काम प्रामुख्याने मतदारांच्या हाती सोपवले. पक्षांतर्गत वादाला रीतसर व्यासपीठ नसले की काय होते, हे सांगायला आपल्याला शिकागोपर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षपदाच्याच प्रश्नावर टिळक बोलायला उठले, त्यांना बोलू दिले नाही, आणि जो जोडा मंडपातून व्यासपीठावर आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला.

तर व्यासपीठ हवे, हे मान्य. पण एकाच पक्षातल्या दोघांनी त्यावर उभे राहून वाद घालायचा तरी कशावर? विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराशी वाद घालणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे तत्त्वच वेगळे असते. इथे करांबद्दल, न्यायालयांबद्दल दोघांची मते बरीचशी सारखी, ज्यांच्याकडे मते मागायची ती माणसे सारखी, आणि नोव्हेंबरात हरवायचा प्रतिस्पर्धीही एकच. अशा वेळी वादाला दोनच वाटा उरतात. एक वाट माणसाकडे जाते, म्हणजे कोण अनुभवी, कोण प्रामाणिक, कोण लोकांना आवडेल. दुसरी वाट बारीक फरकाच्या आत खोल उतरते. पहिली वाट सोपी असल्यामुळे गर्दी तिच्यावरच असते.

त्या पहिल्या वाटेचा एक नमुना ५ जानेवारी २००८ चा आहे. दोनच दिवसांपूर्वी आयोवा राज्यात ओबामांनी बाजी मारली होती आणि क्लिंटनबाई तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स यांच्याही किंचित मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेल्या होत्या. न्यू हॅम्पशरच्या मँचेस्टर शहरात झालेल्या वादचर्चेत त्यांना विचारले गेले, की लोकांना तुमचा अनुभव पटतो, पण माणूस म्हणून ओबामा अधिक आवडतात, याचे काय? क्लिंटनबाईंनी मन दुखावल्याचा लटका आविर्भाव केला, ओबामा लोभस आहेत हे कबूल केले आणि आपणही काही अगदीच वाईट नसल्याचे सांगून प्रश्न सुंदर उलटवला. तेवढ्यात शेजारून, मान धड वर न करता, ओबामा म्हणाले, की हिलरी, तुम्ही पुरेशा आवडण्याजोग्या आहात. सगळी गंमत त्या 'पुरेशा' या शब्दात आहे. कौतुकाच्या वाक्यात तो शब्द घातला, की त्या कौतुकाची भीक होते. ८ तारखेला सर्व चाचण्यांचे अंदाज खोटे ठरवून क्लिंटनबाई न्यू हॅम्पशर जिंकल्या. त्यांना ३९ टक्के मते मिळाली, ओबामांना साडेछत्तीस. एका शब्दाने निवडणूक फिरली असे मी म्हणणार नाही, कारण आदल्या दिवशी पोर्ट्समथच्या एका कॅफेत बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि तेही घराघरांत दिसले होते. पण परक्याशी जे तिरकस बोलणे खपून जाते ते घरच्या माणसाशी बोलले की खुपते, एवढे त्यातून खचितच दिसते.

आता आयोवाबद्दल थोडे. तिथे तेव्हा प्रायमरी नव्हती, कॉकस, म्हणजे मतदारांच्या गावोगावच्या सभा, होत्या, आणि २००८ च्या कॉकसमध्ये उमेदवारांपेक्षा मतदारांचा आपसातला वाद मला अधिक शिकवून गेला. ३ जानेवारीच्या रात्री सात वाजता, कडाक्याच्या थंडीत, पावणेदोन हजारांच्या आसपास ठिकाणी, शाळांच्या व्यायामशाळांत, ग्रंथालयांत, चर्चच्या तळघरांत लोक जमले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या पद्धतीत तेव्हा मतपत्रिका नव्हती. ओबामांचे समर्थक एका कोपऱ्यात, क्लिंटन यांचे दुसऱ्यात, असे सर्वांसमक्ष उभे राहायचे आणि डोकी मोजायची. ज्या उमेदवारामागे साधारणपणे १५ टक्के माणसेही उभी नाहीत, त्याचा गट बाद. मग त्या बाद गटातल्या लोकांना आपल्याकडे ओढण्यासाठी त्यांचेच शेजारी, मुलांचे शिक्षक, दुकानदार पुढे सरसावतात. त्याच स्पर्धेतले एक उमेदवार जो बायडन यांच्या कोपऱ्यात चार माणसे उरली असतील, तर त्या चौघांना उद्या सकाळी याच गावात तोंड दाखवायचे आहे हे समजावणाऱ्यालाही ठाऊक असते, त्यामुळे 'तुमचा माणूस टाकाऊ होता' असे म्हणून चालत नाही. तुमचा माणूस चांगलाच आहे, त्याला जे साधायचे आहे ते आमच्या माणसाकडून अधिक साधेल, असेच बोलावे लागते. पक्षांतर्गत वादाची खरी रीत ही आहे असे माझे मत आहे, आणि ती दूरचित्रवाणीच्या झगमगाटात शिकता येत नाही.

पुन्हा क्लीव्हलंडकडे वळतो. फरक होता तो असा. सरकारने विम्याच्या हप्त्याला मदत करावी आणि आधीपासून आजारी असलेल्याला विमा कंपनीने नाकारू नये, हे दोघांनाही मान्य होते. मात्र विमा घेणे प्रत्येकाला सक्तीचे असावे, असे क्लिंटनबाईंचे म्हणणे होते, आणि सक्ती फक्त मुलांपुरती असावी, असे ओबामांचे. बस्स, एवढाच फरक. पण या एवढ्याशा फटीत हात घालून पाहा. कंपनीने कोणालाच नाकारायचे नाही आणि विमा घेणे मात्र ऐच्छिक, असे झाले तर धडधाकट माणूस आजारी पडेपर्यंत थांबेल, विम्यात रोगीच उरतील आणि हप्ता सर्वांनाच परवडेनासा होईल. वृद्धांचे निवृत्तिवेतन किंवा वैद्यकीय विमा ऐच्छिक ठेवला असता तर त्या योजना उभ्या राहिल्या असत्या का, असा क्लिंटनबाईंचा सवाल होता, आणि ओबामांच्या योजनेत दीड कोटी माणसे विम्याबाहेर राहतील असा त्यांचा हिशोब होता. ओबामांचे उत्तर असे, की लोक विमा घेत नाहीत ते नको म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. मॅसॅच्युसेट्समध्ये सक्ती आली आहे आणि तिथे काही लोक दंडही भरतात आणि विम्याविनाही राहतात. आधी विमा स्वस्त करा, मग सक्तीचे पाहू.

हा वाद सभागृहात जितका सभ्य होता तितका तो बाहेर नव्हता. ओबामांच्या प्रचारयंत्रणेने घरोघरी टाकलेल्या पत्रकात स्वयंपाकघरातल्या मेजाशी चिंतातुर बसलेले एक जोडपे होते. ज्यांना १९९३-९४ आठवते त्यांना ते चित्र ओळखीचे वाटले, कारण बिल क्लिंटन यांची आरोग्ययोजना पाडण्यासाठी विमा कंपन्यांनी ज्या जाहिराती केल्या होत्या त्यांतही असेच एक जोडपे होते. विरोधकांचे हत्यार आपल्याच घरातल्या माणसाने उचलले, याचा क्लिंटनबाईंना किती संताप आला असेल, हे वादचर्चेच्या तीन दिवस आधी सिनसिनाटीत पत्रकारांसमोर ती पत्रके फडकावत त्यांनी ओबामांचा धिक्कार केला त्यावरून कळते.

आणि असा घरचा आहेर वाया जात नाही, विरोधक तो जपून ठेवतात. जो बायडन २००७ साली म्हणाले होते, की ओबामा अजून तयार नाहीत आणि अध्यक्षपद ही काम करता करता शिकण्याची जागा नव्हे. आयोवातल्या एका वादचर्चेत विचारले असता, आपण त्या विधानावर ठाम असल्याचेही त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ओबामांनी उपाध्यक्षपदासाठी त्याच बायडनना निवडले आणि रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅक्केन यांच्या यंत्रणेने लगोलग ते बोल जाहिरातीत वाजवले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. तरीही म्हणून आपसात बोलूच नये, हा सल्ला मला मान्य नाही. दांडा घरचा असला तरी कुऱ्हाडीचे पाते कुठे बोथट आहे हे आधी घरातच कळलेले बरे.

पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. ४ मार्चला ओहायो क्लिंटनबाईंनी जिंकले, पण अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असल्यामुळे त्यातून ओबामांची आघाडी तुटली नाही, आणि ३ जूनला उमेदवारीचा प्रश्न निकालात निघाला. २७ ऑगस्टला डेन्व्हरच्या अधिवेशनात राज्यांची हजेरी चालू असताना न्यूयॉर्कची पाळी आली, तेव्हा क्लिंटनबाईच ध्वनिवर्धकापाशी आल्या आणि उरलेली मोजणी थांबवून ओबामांना एकमुखाने उमेदवार घोषित करावे, असा ठराव त्यांनीच मांडला.

पण त्या सोळा मिनिटांचा निकाल लागायला अजून अवकाश होता. २३ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामांनी आरोग्यसेवेच्या कायद्यावर सही केली, आणि त्या कायद्यात विम्याची सक्ती होती. उमेदवारी हरलेल्या बाईंचा मुद्दा जिंकलेल्या उमेदवाराने कायद्यात घातला होता. त्याच सक्तीवर खटले झाले, आणि २०१२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात कायदा तरला तो पाच विरुद्ध चार मतांनी, तेही तो दंड म्हणजे एक प्रकारचा कर आहे असा अर्थ लावून. इथपर्यंत क्लिंटनबाईच खऱ्या ठरल्या असे म्हणता येते, आणि मी बरीच वर्षे तसे म्हणतही असे. मग २०१७ च्या अखेरीस रिपब्लिकन बहुमताने करकायद्यात बदल करून २०१९ पासून तो दंड शून्यावर आणला. सक्ती कागदावर उरली, तिची धार गेली. वर्तवल्याप्रमाणे विम्याचा बाजार कोसळायला हवा होता. तो कोसळला नाही, कारण हप्त्याला मिळणारी सरकारी मदत चालू होती आणि बहुतेक लोकांनी त्या मदतीच्या बळावर विमा चालू ठेवला. म्हणजे परवडणे आधी आणि सक्ती नंतर, हे ओबामांनी क्लीव्हलंडला मांडलेले आणि सत्तेवर येताच स्वतःच सोडून दिलेले म्हणणे तसे अगदीच पोकळ नव्हते.